नाल्यापर्यंतच

गोविंदा इंगोलेच्या पोरीच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, निमंत्रण कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं. 'आमची कन्या निकिता हिचे साक्षगंध रविवारी सकाळी राहत्या घरी योजिले आहे, सर्व मित्रांनी सहकुटुंब यावे.' खाली दिवसभर अंगठे आणि फुलांचे गुच्छ पडत राहिले. अश्वजित मनवरनं मजकूर दोनदा वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"ग्रुपवरचं निमंत्रण म्हणजे काय निमंत्रण असते?" त्याची बायको साधना म्हणाली. "इतक्या वर्षांत त्या माणसानं तुमाले एक फोन तरी केला काय?"

"मी तरी कुठं केला," अश्वजित म्हणाला.

वणीच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात त्याची नोकरी बरीच सरली होती. घर बांधून झालं होतं, पोरगा पुण्याला लागला होता. आपलं गाव दारव्हा सोडल्यापासून आईवडील होते तोवर तो सणावाराला जायचा, बसस्टँडवरून सरळ घरी आणि घरून सरळ बसस्टँडवर. ते गेले, मग तेही थांबलं. कॉलेजच्या ग्रुपवर त्याला कोणी घेतलं हेही त्याला माहीत नव्हतं. तिथं तो कधी काही लिहायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र एक वेगळा मेसेज आला. अनोळखी नंबर, फोटोत पांढऱ्या मिशांचा एक काटक माणूस. एकच शब्द होता: 'येजो.' खाली नाव, उत्तमसिंग.

त्या एका शब्दावर अश्वजितनं रविवारी पहाटेची बस धरली.

तीसेक वर्षांमागं दारव्ह्याच्या कॉलेजात दोनच पक्ष होते, आणि निवडणुकीशी त्यांचा काही संबंध नव्हता. एक गोविंदाचा आणि एक उत्तमसिंगचा. गोविंदा इंगोले जवळच्याच खेड्यातला, घरची कापसाची आणि तुरीची शेती, सायकलनं कॉलेजात यायचा. उंच गडी, मान ताठ ठेवून पळायचा आणि पहिल्या पावलापासून पुढं असायचा. आपल्या समोर कोणाची पाठ दिसली की त्याचं डोकं फिरायचं. उत्तमसिंग राठोड फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचा, हॉस्टेलवर राहायचा. बुटका, वाळलेल्या तुराटीसारखा. तो शर्यतभर गोविंदाच्या सावलीत पळायचा आणि शेवटचं मैदान दिसलं की असा सुटायचा, की बघणाऱ्याला वाटावं हा आत्ताच झोपून उठला. कधी हा जिंकायचा, कधी तो. गाववाली पोरं गोविंदाची, हॉस्टेलवाली उत्तमची. शर्यतीनंतर दोन्हीकडच्या पोरांची भांडणं व्हायची, एकदा तर खुर्च्या फुटल्या. ते दोघं स्वतः मात्र एकमेकांशी भांडलेही नाहीत, कारण भांडायला बोलावं लागतं. तीन वर्षांत त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता. एक जण मैदानातल्या नळावर असला, तर दुसरा तसाच कोरड्या घशानं उभा राहायचा.

अश्वजित तिसरा यायचा. नेहमी तिसरा, आणि बराच मागं. तिसऱ्याचं कोणाशी वैर नसतं, म्हणून तो दोघांचाही होता. सकाळी दिग्रस रस्त्यावर गोविंदाबरोबर पळायचा, संध्याकाळी मैदानात उत्तमबरोबर. गोविंदा पळता पळता सहज विचारल्यासारखं विचारायचा, "त्याचा घोटा कसा हाये आता?" संध्याकाळी उत्तम विचारायचा, "काय खाते रे थो सकाळी? दूध पेते काय?" अश्वजित दोघांना खरं काय ते सांगायचा. दोघंही ऐकून घ्यायचे आणि पुढचा फर्लांग जास्त जोरात पळायचे. एकमेकांची इतकी चौकशी सख्खे भाऊ करत नाहीत, असं त्याच्या मनात यायचं. हे दोघं कधीतरी एका टपरीवर बसतील आणि त्यांना तिथं घेऊन जाणारा आपण असू, असंही त्याला वाटायचं. त्या वयात माणूस स्वतःला असली कामं नेमून देत असतो.

शेवटच्या वर्षी जिल्ह्यातल्या कॉलेजांची क्रॉस कंट्री दारव्ह्याला भरली. पहिल्यांदाच. आठवडाभर आधी गोविंदानं अश्वजितला कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीच्या मागं बोलावलं.

"तुले एक काम सांगतो. कोणाले बोलू नको," तो म्हणाला. "झेंडा पडला का तू सुसाट सूट. जीव खाऊन. उत्तम तुह्या मांगं लागला पाह्यजे. नाल्यापर्यंतच पळ, तिथं पोटात दुखते म्हणून बसून जा. थो थकला का पुढचं मी पाह्यतो."

"अन् त्यानं नाही केला पाठलाग तर?"

"करन. त्याले भेव राह्यते कोणी पुढं गेला का."

अश्वजित हो म्हणाला. आपल्यावाचून गोविंदाचं अडतं आहे, हेच त्याला भारी वाटलं होतं.

दोन दिवसांनी हॉस्टेलच्या गच्चीवर उत्तमनं त्याला तेच सांगितलं. जवळपास त्याच शब्दांत. नाल्यापर्यंतच पळ, मग बसून जा. गोविंदाला कोणाची पाठ सहन होत नाही, तो पिसाळून तुझ्या मागं येईल आणि संपेल. "अन् बोलू नको कोणाले," उत्तम म्हणाला, "आपल्या दोस्तीची आन हाये तुले."

आता काय करावं? अश्वजितनं त्यावर एक रात्र विचार केला, आणि तोही हसत हसत. दोघांनी एकच मागितलं होतं. मग दोघांचंही ऐकलं तर फसवलं कोणाला? एकाला सांगावं तर दुसऱ्याला दिलेला शब्द मोडतो. नाल्यापर्यंत पळायचं आणि बसायचं, एवढंच तर होतं. पुढं ते जाणोत आणि त्यांचे पाय जाणोत.

शर्यतीच्या सकाळी अख्खं दारव्हं रस्त्यावर होतं. बँड होता, लाउडस्पीकर होता. झेंडा पडला आणि अश्वजित सुटला. दिग्रस रस्ता संपला, शकुंतला रेल्वेचे रूळ ओलांडले, डावीकडं शेतातल्या पांदणीत शिरला. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. छाती फुटायला आली होती, पण मनात आनंद होता, कारण मागून पावलं येतच असणार. दोघंही येणार, पिसाळून.

नाला आला. तो थांबला, गुडघ्यांवर हात टेकले, ठरल्याप्रमाणं बसायलाच निघाला होता. पण मागं पावलं नव्हती. त्यानं वळून पाहिलं. पांदण रिकामी होती, पार वळणापर्यंत.

तुरीत एक बाई शेंगा तोडत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून थांबला रे बाबू?" तिनं विचारलं. "कोणीच त नाही मांगं."

तिथं एकटं बसून राहणं त्याला विचित्र वाटलं, म्हणून तो पुन्हा पळायला लागला. एवढंच झालं होतं. पुढं आयुष्यभर त्यानं स्वतःला जे अनेक हेतू चिकटवून पाहिले, त्यातला एकही त्या वेळी त्याच्या मनात नव्हता.

मागं काय चाललं होतं, ते त्याला नंतर कळलं. गोविंदाला वाटत होतं, हा माझा माणूस, नाल्यावर बसणार, मी कायले धावू? उत्तमलाही तेच वाटत होतं. दोघंही समोरच्यानं पाठलाग करायची वाट पाहत, एकमेकांकडं डोळे लावून, बैलगाडीच्या चालीनं पळत होते. आणि बाकीची सगळी पोरं त्या दोघांच्या मागं, कारण शर्यत त्या दोघांचीच होती हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

अश्वजित मैदानात आला तेव्हा बँड वाजायला लागला आणि मध्येच बंद पडला. लाउडस्पीकरवाल्यानं सवयीनं "गोविंदा इंगोले" म्हटलं आणि मग कोणाला तरी विचारून नाव बदललं. टाळ्या वाजल्या, पण 'हा कसा?' असं विचारल्यासारख्या. बऱ्याच वेळानं ते दोघं आले, खांद्याला खांदा लावून, पण शेवटची धाव न घेता. दोघंही सरळ त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुले मी नाल्यापर्यंतच सांगतलं होतं," दोघंही एकदमच म्हणाले.

मग दोघं थांबले. वळून एकमेकांकडं बघितलं.

"तू बी?" गोविंदा म्हणाला.

"तू बी?" उत्तम म्हणाला.

तीन वर्षांत त्यांच्यात झालेला तो पहिला शब्द होता. अश्वजित काही सांगायच्या आत गावातल्या पोरांनी त्याला उचललं. वरून त्याला दिसलं, ते दोघं नळाकडं चालले होते, बरोबर. आधी उत्तमनं तोंड लावलं, मग गोविंदानं.

दुसऱ्या दिवशी त्याला सत्काराला यवतमाळला बोलावलं होतं. टपरीच्या रस्त्यानं न जाता तो मागच्या गल्लीनं बसस्टँडवर गेला. त्यांचा राग थोडा निवू दे, मग बघू, असं त्यानं ठरवलं. मग विद्यापीठाची शर्यत झाली, त्यात तो कुठंतरी मध्ये आला. परीक्षा आल्या. उत्तम पेपरांपुरता दिसला, गोविंदा दिसला की दुसरीकडं बघायचा. पुढं खाणीतली नोकरी लागली, ती लेखी परीक्षेवर लागली होती. पण दारव्ह्यात म्हणे सगळे सांगायचे, अश्व्याले त्या शर्यतीच्या सर्टिफिकेटवर नोकरी भेटली. गोविंदाच्या लग्नात उत्तम घरच्यासारखा राबला, उत्तम फुलसावंगीला मास्तर झाला तेव्हा गोविंदानं पेढे वाटले, हेही त्याला कोणाकडून तरी कळत राहिलं. त्यांना एकत्र आणायचं काम त्यानं खरंच केलं होतं. फक्त त्या टपरीवर त्याला जागा नव्हती.

गोविंदाच्या घरासमोर मांडव होता. गोविंदा जाड झाला होता, एका गुडघ्यात लंगडत होता, पण मान अजून ताठ. त्यानं अश्वजितला बघितलं, एक क्षण थांबला आणि हात जोडून पुढं आला.

"या, या मनवर साहेब. लई दूरून आले. त्रास झाला असन."

अश्वजितला साहेब हा शब्द अंगावर थंड पाणी पडल्यासारखा लागला. "नाही, त्रास कायचा," तो म्हणाला.

"बसा. पाणी आणा रे साहेबासाठी."

साक्षगंध झालं, साड्याचोळ्या झाल्या, जेवणं झाली. नवरा मुलगा ऋतिक पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे पळायचा. जेवणानंतर मांडवात सतरंजीवर सगळे सैलावले होते, तेव्हा त्यानं होणाऱ्या सासऱ्याला लाजत लाजत विचारलं, "मामाजी, तुमी म्हणे कॉलेजात लई मोठे धावपटू होते?"

"मी नाही, आम्ही," गोविंदा म्हणाला आणि शेजारी बसलेल्या उत्तमच्या मांडीवर थाप मारली. निकिता म्हणाली, "झालं. आता दारव्ह्याची शर्यत सुरू." पण तीही ओढणी सावरून जवळ येऊन बसली. ही गोष्ट घरात अनेकदा झाली असणार.

अश्वजितचं हातातलं पाणी प्यायचं राहून गेलं. गोविंदा छान सांगत होता. नळावर तहानलेलं उभं राहणं, फुटलेल्या खुर्च्या, मध्येच उत्तम एखादं वाक्य पुरवत होता आणि सगळे हसत होते. मग ती सकाळ आली. बँड, लाउडस्पीकर, शकुंतलेचे रूळ, पऱ्हाटीमधली पांदण, सगळं जिथल्या तिथं होतं.

"अन् नाल्यापासून आम्ही दोघंच," गोविंदा म्हणाला. "समोर रान मोकळं, मांगं रान मोकळं. खांद्याले खांदा. मैदान आलं, बँड सुरू झाला, न हा बुटका एका हातानं पुढं निंघाला."

"खोटं बोलते थो," उत्तम म्हणाला. "हाच जिंकला होता."

"तूच जिंकला बे."

"पाहा पोट्टेहो, तीस वर्सं झाले, अजून ठरलं नाही," उत्तम म्हणाला आणि मांडव हसून कोसळला. ऋतिकनं टाळ्या वाजवल्या. गोष्टीला केलेला रफू इतका सफाईदार होता, की आपण त्या पांदणीतून पळालोच नव्हतो की काय, अशी शंका अश्वजितला आली.

"अन् शेवटी?" ऋतिकनं विचारलं.

"शेवटी नळावर गेलो दोघं. पयल्यांदा बोललो. तवापासून हे असं हाये," गोविंदा म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर अश्वजितवर पडली आणि तो अडखळला. ती नजर निकितानंही पकडली.

"काका, तुमी बी बाबांच्याच कॉलेजात होते ना?" तिनं विचारलं. "तुमी बी पळत होते का त्या दिवशी?"

मांडवात कोणाला काही वेगळं वाटलं नसेल. पण गोविंदा दुखरा गुडघा चोळत होता आणि उत्तम सतरंजीचा धागा ओढत होता. अश्वजितच्या तोंडाशी सगळं आलं होतं, नाला, तुरीतली बाई, पालखीसारखं उचलून नेणारी पोरं. ती गोष्ट त्याची होती, निदान मधला तुकडा तरी. त्यानं पोरीकडं बघितलं. तिच्या हातावरची मेंदी अजून ताजी होती.

"होतो ना," तो म्हणाला. "मांगं होतो. बराच मांगं."

"मंग तुमाले दिसलं असन, कोण जिंकलं?"

"गर्दी लई होती, बाई," अश्वजित म्हणाला.

थोड्या वेळानं उत्तमसिंग त्याला मांडवाबाहेर लिंबाखाली घेऊन गेला. हातावर तंबाखू-चुना मळत उभा राहिला. त्याच्या बोटांना अजून तीच घाई होती.

"राग आला का तुले?"

"नाही."

"येऊ दे ना लेका. आला त बोल तरी."

"मले काहून बोलावलं, उत्तम?"

"पयले आम्ही खरीच सांगत होतो ती गोष्ट," तो म्हणाला. "तुह्यासकट. पण तुह्या नावापाशी आलं का गोविंदा उठून जाये. अन् कधी मलेच पुढं सांगवे नाही. लोक विचारत, मंग थो तिसरा कुठं हाये आता? काय सांगाव? मंग हळूहळू तुले काढून टाकलं. तुह्याबिगर गोष्ट नीट चालते रे. वाईट नको वाटून घेऊ, पण चालते."

"तुमचा राग कधी गेला?"

"गोविंदाचा दुसऱ्याच दिवशी. आम्ही टपरीवर बसलतो ना सकाळपासून. म्हणे अश्व्या येऊ दे, दोन झापडा मारू न मंग चहा पाजू. दुपारलोक बसलतो आम्ही."

अश्वजितला मागची गल्ली आठवली, तिथली तुंबलेली नाली, इस्त्री केलेली पँट तो वर धरून चालला होता ते.

"मी मागच्या गल्लीनं गेलतो," तो शेवटी म्हणाला. "भेव वाटलं मले."

"हं," उत्तम म्हणाला. "आमाले वाटलं, आता मोठा माणूस झाला. जिंकलेला. मंग आम्हीच एकमेकाले सांगत राह्यलो, पाहा कसा निंघाला थो. खोटं नाही सांगत, त्याच गोष्टीवर जुळलो आम्ही. पुढं राग राह्यला नाही, पण तुले बोलवाव तरी कोण्या तोंडानं?"

"अन् आता?"

"आता पोरीचं साक्षगंध होतं," उत्तम म्हणाला. "मले वाटलं, मांडवात लोक असते, कोणी कोणाले काही बोलत नाही. तू येऊन जाशीन. तुले बोलावलं थे गोविंदाले मी आधी सांगतलं नव्हतं." त्यानं तंबाखू दाढेत धरली. "चुकलंच माह्यं. ती गोष्ट आज सांगाची नव्हती. पण पोरानं विचारलं न थो सुरू झाला."

निघताना गोविंदा स्वतः रस्त्यापर्यंत सोडायला आला, लंगडत, हातात बुंदीची पिशवी घेऊन. दारव्ह्याला जाणारी काळीपिवळी जीप यायची होती. दोघं पुलावर उभे राहिले. अश्वजितला वाटलं, आता हा बोलेल. मीच बोलावं, असंही वाटलं. त्याच्या मनात सोपं वाक्य तयार होतं: मी दुसऱ्या दिवशी यायला पाहिजे होतं. गोविंदा मात्र वणीचा पाऊस, कोळशाची धूळ, पोराचा पगार यांबद्दल विचारत राहिला, आणि प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर द्यावं लागत होतं. उत्तर संपायच्या आत जीप आली.

"लग्नाले नक्की या साहेब," गोविंदा म्हणाला. "वयनीले घेऊन."

"येतो," अश्वजित म्हणाला.

जीपमध्ये दोन बाया आणि त्यांच्या पोत्यांमध्ये त्याला जागा मिळाली. बुंदीची पिशवी मांडीवर गरम लागत होती. यवतमाळच्या स्टँडवर साधनाचा फोन आला.

"कसं झालं?"

"चांगलं झालं. पोरगी गोड हाये. जेवण चांगलं होतं."

"थे नीट बोलले का तुमच्याशी?"

"लई नीट बोलले," अश्वजित म्हणाला.

ते खरंच होतं. इतक्या वर्षांत त्याच्या मनात या भेटीची कितीतरी रूपं येऊन गेली होती. गोविंदा शिव्या देतो, कॉलर धरतो, मांडवात सगळ्यांसमोर बेइमान म्हणतो. त्या प्रत्येकासाठी त्याच्याजवळ काही ना काही उत्तर होतं. दोन झापडा तर त्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या. पण पाणी आणा रे साहेबासाठी, यावर माणूस काय बोलणार?

"लग्नाले जाचं का मंग आपुन?" साधनानं विचारलं.

वणीची बस फलाटावर लागत होती. माणसं दाराकडं धावली. अश्वजित बाकावरून उठला नाही.

"पाहू," तो म्हणाला. "तू जाजो वाटलं तर. मी असलो का त्यायची गोष्ट अडते."

"कोणती गोष्ट?"

कंडक्टरनं बेल दिली. त्यानं पिशवी उचलली आणि फोन कानाला तसाच धरून चालत बसकडं निघाला. "सांगतो घरी आल्यावर," तो म्हणाला, आणि सुरुवात कुठून करावी याचा विचार करत पायरी चढला. लग्नाच्या पंचवीस वर्षांत, आपण कधीकाळी पळत होतो, एवढंही त्यानं तिला सांगितलेलं नव्हतं.